मुख्यमंत्री मधेच बदलला तर पुन्हा मतदान घ्यावं का? (आपल्या चार मुख्यमंत्र्यांवरून सुचलेलं)

कोरडवाहू

राम राम मंडळी. पुतण्या तलाठी भरतीचा अभ्यास करायलाय. रात्री जेवण झालं की वही माझ्या हातात देतो, "काका, प्रश्न विचारा." परवा मुख्यमंत्र्यांची यादी निघाली. नाव मी घ्यायचं, तारखा त्यानं सांगायच्या. सहज चाळा म्हणून आपल्याकडच्या नावांपुढं पेन्सिलीनं खुणा करत गेलो आणि मग त्या खुणांकडंच बघत बसलो.

मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण दोनदा, शिवाजीराव पाटील निलंगेकर एकदा, विलासराव देशमुख दोनदा, अशोकराव चव्हाण एकदा (त्यांच्या मधी २००९ ची निवडणूक येऊन गेली, ती धरली तरी फरक पडत नाही). सहा कारकिर्दी, आणि सहाच्या सहा मधेच तुटलेल्या. एकानंही निवडणूक ते निवडणूक पाच वर्षं पुरी केलेली नाहीत.

बरं, सहातल्या चार सुरूही मधेच झालेल्या. शंकरराव फेब्रुवारी १९७५ ला वसंतराव नाईकांच्या जागी. निलंगेकर जून १९८५ ला वसंतदादांच्या जागी. परत शंकरराव मार्च १९८६ ला निलंगेकरांच्या जागी. अशोकराव डिसेंबर २००८ ला विलासरावांच्या जागी. मतदान होऊन नव्यानं खुर्चीवर आले ते फक्त विलासराव, १९९९ ला आणि २००४ ला. त्यांनाही २००३ च्या जानेवारीत आणि २००८ च्या डिसेंबरात मधेच उतरवलं.

म्हणजे आपला माणूस आणताना आपल्याला कुणी विचारलं नाही, काढताना तर नाहीच नाही. आता २०२२ चं ताजं घ्या. २९ जूनला जाणाऱ्या सरकारनं शेवटच्या बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव केलं. ३० तारखेला नवे मुख्यमंत्री. १६ जुलैला त्यांनी तोच निर्णय नव्यानं घेतला, पुढं "छत्रपती" लावून. एका महिन्यात दोन सरकारांनी एका शहराचं बारसं केलं आणि मधे मतदार नावाचा प्राणी कुठंच नाही.

माझा साधा प्रश्न. मुख्यमंत्री बदलला की सहा महिन्यांत निवडणूक, असा नियम का नसावा? शिव्या नकोत, पक्षांच्या जाहिराती नकोत. बोला.

पारावरचा_पेपर

+१. मत कुणाला, राज्य कुणाचं.

काळा_कोट

कोरडवाहू, यादी झकास काढलीत, पण पायाच भुसभुशीत आहे. तुम्ही मुख्यमंत्र्याला मत दिलंत कधी? यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं आणि चिन्ह असतं, तेही तुमच्या मतदारसंघापुरतं. घटनेच्या कलम १६४ प्रमाणं मुख्यमंत्री नेमतात राज्यपाल, आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असतं विधानसभेला. कलम १७२ मधली पाच वर्षं विधानसभेची आहेत, मुख्यमंत्र्याची नाहीत. घर तेच आहे, कारभारी बदलला. कारभारी बदलला म्हणून कुणी घर पाडत नाही.

पृथ्वीराज चव्हाण २०१० ला मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेत होते. उद्धव ठाकरे २०१९ ला झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते. दोघंही पुढं विधान परिषदेवर गेले. घटना याला पूर्ण मोकळीक देते.

पारावरचा_पेपर

वकीलसाहेब, मग प्रचारात एवढाले फोटो कुणाचे लावतात? उमेदवार कोपऱ्यात तिकिटाएवढा आणि नेत्याचं थोबाड दहा फूट. मत मागताना नेता, आणि हिशोब विचारला की कलम १६४ व्हय?

काळा_कोट

फ्लेक्सला घटनेत कलम नाही. :)

खडूफळा

मास्तर आहे, परभणी जिल्हा. निवडणूक म्हणजे काय ते जरा आमच्या बाजूनं ऐका. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी सातला तालुक्याच्या ठिकाणी साहित्य वाटप. मांडवात पंख्याचा पत्ता नाही. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट यांचे नंबर जुळवायचे, शाईची बाटली गळते का बघायचं, पाकिटं मोजायची. एक पाकीट कमी निघालं की परत रांगेत. दुपारी एसटीत बसून गावच्या शाळेत. डास, सतरंजी, आणि कुणाच्या घरचं जेवलं तर तक्रार होईल म्हणून बिस्किटाचे पुडे. पहाटे साडेपाचला मॉक पोल. एकदा माझ्या केंद्रावर पन्नास मतं टाकली, मोजली, बरोबर आली, आणि ती पुसायची राहतात की काय या धास्तीनं मी तीनदा क्लिअरचं बटण दाबलं. संध्याकाळी १७-सी (मतांच्या हिशोबाचा फॉर्म) भरायचा, सील करायचं, आणि जमा करायच्या रांगेत रात्रीचा एक.

राज्यात अशी लाखभर केंद्रं आहेत. ही माणसं शाळेतून येतात, तलाठी कार्यालयातून येतात, अंगणवाडीतून येतात.

आता कोरडवाहूंचा नियम १९८० ला लावून बघू. जून १९८० अंतुले. जानेवारी ८२ बाबासाहेब भोसले. फेब्रुवारी ८३ वसंतदादा. मार्च ८५ ला निवडणूक होऊन वसंतदादाच. जून ८५ निलंगेकर. मार्च ८६ शंकरराव. जून ८८ शरद पवार. प्रत्यक्षात निवडणुका झाल्या दोन, १९८० आणि १९८५. तुमच्या नियमानं सात झाल्या असत्या. १९८५ सालीच दोन! पोरांना शिकवायचं कधी?

पारावरचा_पेपर

सर, गणित पक्कं आहे पण एक गोष्ट सुटली. हा नियम असता तर हे बदल झालेच नसते ना. ती सगळी अदलाबदल दिल्लीतून व्हायची. श्रेष्ठींनी फोन फिरवला की इकडचा माणूस तिकडं. त्यांचं काही जात नव्हतं म्हणून फिरवायचे. दर वेळी २८८ जागा पणाला लावायच्या असत्या तर शंकररावांना एकदा बसवून पाच वर्षं हात लावला नसता. मराठवाड्याच्या सहाच्या सहा कारकिर्दी मधेच का तुटल्या? तोडणं फुकट होतं म्हणून.

कोरडवाहू

पेपरभाऊ, मला हेच म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

काळा_कोट

थांबा, उलटी बाजूही बघा. अंतुलेंना सिमेंट प्रकरणात जावं लागलं. निलंगेकर मुलीच्या एम.डी.च्या गुणांच्या प्रकरणात गेले. विलासराव २६/११ नंतर गेले, अशोकराव आदर्श इमारतीच्या प्रकरणामुळं. कोण किती दोषी तो वाद इथं नको. मुद्दा असा की पक्षाला लाज वाटली आणि माणूस बदलला. बदलणं म्हणजे आमदारकी घालवून पुन्हा मैदानात उतरणं, असं असतं तर कोण बदललं असतं? निवडून येऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या आमदारानं स्वतःच्याच नेत्याच्या विरोधात ब्रही काढला नसता. बदलणं महाग केलं की चांगला टिकतो तसा वाईटही टिकतो.

 

 

मांजरा_ते_टेम्स

मूळचा लातूरचा, सध्या लंडनजवळ. इथं हा वाद दर दोन-तीन वर्षांनी उकळतो, म्हणून लिहितोय. डिसेंबर २०१९ ला बोरिस जॉन्सन दणदणीत बहुमतानं आले. २०२२ च्या सप्टेंबरात ते जाऊन लिझ ट्रस आल्या, त्या सात आठवड्यांत गेल्या, ऑक्टोबरात ऋषी सुनक. एका वर्षात तीन पंतप्रधान, मतदान शून्य. ट्रसबाईंच्या वेळी एका वर्तमानपत्रानं सॅलडच्या पाल्याचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला होता, आधी कोण सुकतं बघू म्हणून. गड्डा टिकला. विरोधक रोज निवडणूक मागत होते, पण नियम नाही, म्हणून ती झाली थेट जुलै २०२४ ला. त्या आधीही मेजर १९९० ला थॅचरबाईंच्या जागी आणि ब्राऊन २००७ ला ब्लेअरच्या जागी असेच आले होते.

कॅनडात २०२५ च्या मार्चमध्ये ट्रूडोंच्या जागी कार्नी आले आणि त्यांनी आपणहून एप्रिलअखेर निवडणूक लावली. सक्ती तिथंही नव्हती. वारं पाठीशी आहे हे दिसत होतं.

मला सगळ्यात भारी जर्मनीचं वाटतं. तिथं चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, नुसतं पाडता येत नाही, त्याच ठरावात पुढचा निवडावा लागतो. १९८२ च्या ऑक्टोबरात एका छोट्या पक्षानं बाजू बदलली, श्मिट गेले आणि कोल आले, सगळं कायद्यात बसवून. तरीही कोल मार्च १९८३ ला लोकांसमोर गेले. बाजू बदलून आलोय तर एकदा विचारून घेऊ, असा हिशोब.

कोरडवाहू

हे जर्मनीचं माझ्या डोक्यात बसलं. रात्री विचार करतो यावर.

तेरणाकाठची

धाराशिव जिल्हा, ग्रामपंचायत सदस्य. तुम्ही लंडन-जर्मनी करायलात, मी गावातलं सांगते.

आमच्याकडं डिसेंबर २०२२ ला सरपंच थेट जनतेतून निवडून आला. आधी २०१७ ला थेट निवड आणली, २०२० ला नव्या सरकारनं बंद केली, २०२२ ला त्याच्या पुढच्या सरकारनं परत आणली. मुंबईत खुर्ची हलली की आमच्या सरपंचाची जात बदलते, ते जाऊ द्या. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. दोन वर्षं संपायची सगळे वाटच बघत होते. नऊपैकी आठ सदस्य विरोधात. ठराव मंजूर झाला. पण तेवढ्यानं सरपंच जात नाही! तीन-चतुर्थांश सदस्यांच्या ठरावानंतर खास ग्रामसभा बसते, अधिकारी वरून येतो, आणि गाव गुप्त मतदान करतं.

मारुतीच्या मंदिरासमोर मांडव. बायांची रांग वेगळी. माझी सासू ऐंशीच्या घरातली, गुडघे गेलेले, पोरानं खुर्चीत बसवून आणली. पडद्याच्या आत गेली आणि आतूनच ओरडली, "अगं, ठेवायचा तर कुठं शिक्का, काढायचा तर कुठं?" अधिकारी बिचारा लाल झाला. सगळा मांडव हसला, पण त्या दिवशी तिला कुणी डावलू शकलं नाही.

तर माझा प्रश्न वकीलसाहेबांना. दोन हजार मतांच्या सरपंचाला काढायचं तर माझ्या सासूला विचारावं लागतं. साडेनऊ कोटी मतदारांच्या मुख्यमंत्र्याला काढायला मात्र कुणालाच नाही?

पारावरचा_पेपर

ताई, दंडवत.

हरभरा_तूर

मंग ताई, राहिला का गेला सरपंच?

काळा_कोट

ताई, फरक असा की तुमचा सरपंच गावानं थेट निवडलेला, म्हणून काढायलाही गाव लागतं. मुख्यमंत्री आमदारांनी धरलेला, म्हणून आमदारच सोडतात. ज्यानं बसवलं त्यानं उठवायचं, तत्त्व दोन्हीकडं एकच आहे. पण तुमचा प्रश्न बोचतो हे मान्य करतो.

जुनी_वही

संभाजीनगर. वय सत्तरच्या पुढं, म्हणून थोडं लांब लिहितो.

कोरडवाहूंची यादी वाचून आधी पटलं, मग दोन तारखा आठवल्या. पहिली २४ फेब्रुवारी १९७६. जायकवाडीचं लोकार्पण, इंदिराजी पैठणला आल्या होत्या. पायाभरणी शास्त्रीजींनी १९६५ ला केलेली. मुख्यमंत्री शंकरराव, मतदान न होता आलेले. ज्या माणसानं पाटबंधारे मंत्री असताना या धरणाचा ध्यास घेतला, त्याला मुख्यमंत्री म्हणून ते बघायला मिळालं ते मधेच खुर्ची बदलली म्हणूनच.

दुसरी तारीख २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांत झाला. तेव्हा पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार येऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. वसंतदादांचं सरकार पाडून आलेलं, कुणाला न विचारता. ठरावानंतर मराठवाड्यात काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. मी तेव्हा विद्यापीठात शिकत होतो. आमच्या वसतिगृहातली गावाकडची मुलं घरी जाऊ शकत नव्हती, आणि घरून पत्र यायचं बंद झालं की खोलीत कुणी बोलत नसे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

आता त्या जुलैत निवडणूक घ्यायचीच असा नियम असता तर? पुलोदवाल्यांनी आधी मतं मोजली असती. मराठवाड्यातल्या तेव्हाच्या हवेत तो ठराव कुणी सभागृहात ठेवला असता का? मला शंका आहे. लोकांना विचारणं चांगलंच, पण प्रत्येक गोष्ट बहुसंख्येला विचारून करायची म्हटली तर काहींच्या वाट्याला कधीच काही येणार नाही.

मराठवाडी_बाणा

आला का शेवटी हाच विषय! १९७८ ला लोकांना विचारलं असतं तर…

प्रशासक

वरील प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. धागा मुख्यमंत्री बदल आणि निवडणूक यावर आहे. एकदाच सांगतोय.

हरभरा_तूर

मी एकटाच म्हनतो, दर वर्षी निवडनूक घ्या. हसू नका. २०२४ चं सोयाबीन आठवा. हमीभाव ४८९२, बाजारात चार हजाराच्या आसपास. खरेदी केंद्रावर घेऊन गेलो तर ओलावा बारा टक्क्याच्या वर, माघारी जा. परतीच्या पावसात भिजलेल्या मालात बारा टक्के आनू कुठून? पोतं अंगनात पसरलं, दोन दिवस ऊन, परत भरलं, परत तेच. आन मतदान २० नोव्हेंबरला. १५ तारखेला दिल्लीहून हुकूम, पंधरा टक्क्यापर्यंत चालतंय! कालपर्यंत जे यंत्र नाही म्हनत होतं ते हो म्हनायलं. मास्तरला त्रास होतो खरा, पन आमचं ऐकायचे तेवढेच दिवस असतेत.

खडूफळा

हरभरा, तुमच्यापुढं माझी सतरंजी आणि डास मागं घेतो.

कोरडवाहू

दोन रात्री विचार केला. माझा पहिला नियम चुकला, मान्य. एकाच पक्षानं आपला माणूस बदलला तर मतदान नको. विलासराव जाऊन सुशीलकुमार आले, तर ज्यांनी आघाडीला मत दिलं त्यांना आघाडीच मिळाली. पण ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याच मांडीवर बसून सरकार आलं, तर सहा महिन्यांत लोकांसमोर जायचं. आमदार नसलेल्या मंत्र्याला घटना सहाच महिने देते ना? तेवढेच द्या.

काळा_कोट

ही मांडणी बरी आहे, पण मोजून घ्या. २०१९ ला युतीला मतं मिळाली, भाजप १०५, सेना ५६, आणि सरकार आलं सेनेचं राष्ट्रवादी-काँग्रेसबरोबर. २०२२ ला सेनेतला मोठा गट भाजपबरोबर. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीचा गट तिकडंच. यातल्या कुठल्या वेळी मतदान घेणार? २०२२ वाले म्हणतील, आम्ही तर मूळ युतीत परत आलो.

शिवाय कोर्टाचं बघा. ११ मे २०२३ ला घटनापीठानं सांगितलं की बहुमत चाचणी बोलवायचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांना परत बसवता येत नाही. कोर्टानंही चेंडू मतदाराकडं टाकला नाही, अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडं गेला. पक्षांतरबंदी १९८५ ला आली, २००३ ला एक-तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली, तरी हे झालंच.

आणि "एक देश एक निवडणूक" विधेयक डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलंय. त्यात विधानसभा मधेच बरखास्त झाली तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरती. म्हणजे चौथ्या वर्षी आघाडी फुटली तर तुमच्या नियमानं येणारं सरकार जेमतेम वर्षभराचं.

कोरडवाहू

वकीलसाहेब, २०१९ ते २०२३ तीनदा फिरले तर तीनदा घ्या. मास्तरांची माफी मागून. कोण मूळ घरी परत आलं आणि कोण पळून गेलं, हे ठरवायला अध्यक्षांपेक्षा ताईंची सासू बरी.

खडूफळा

माफी नको, भत्ता वेळेवर द्या.

हरभरा_तूर

ताई, सरपंचाचं राहिलंच की सांगायचं.

तेरणाकाठची

सांगते, दोन दिवस लग्नात होते. सरपंच राहिला. ४१ मतांनी ठराव पडला, त्याच रात्री गुलाल. पण सदस्य तेच आहेत ना, नऊपैकी आठ विरोधात. मासिक सभेला येतात, चहा घेतात, आणि एकेक विषय नामंजूर करत जातात. गावानं त्याला ठेवला आणि पंचायतीनं त्याला बांधून घातला.

काळा_कोट

ताई, माझी अख्खी वकिली एका परिच्छेदात मांडलीत. तुम्ही स्वतः त्या आठात होतात की नवव्या?

तेरणाकाठची

आठात. आणि सासूनं शिक्का कुठं मारला ते अजून घरात सांगत नाही.

हरभरा_तूर

मग आता कोनता विषय अडकलाय?

तेरणाकाठची

पाण्याची मोटार जळाली आहे. दुरुस्तीचा ठराव दोन सभांत नामंजूर. आज सकाळी मीच घागर घेऊन हापशावर रांगेत होते, माझ्या पुढं सरपंचाची बायको.